चिमूटभर वेळ

कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी टेबलाच्या चारही पायांना पायानं ठोकून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. टायरमध्ये हवा आहे का बघतात, तसं. मग तो मागच्या बाजूला जायचा, वायरी कुठून कुठं गेल्यात ते वाकून बघायचा, डब्यावर दोनदा थाप मारायचा आणि मगच खुर्चीत बसायचा. हे रोज. पहिल्या दिवशी पोरं हसली, दुसऱ्या दिवशी हसली, आणि महिनाभरानं त्यातलीच दोघं-तिघं बसण्याआधी टेबलाला पाय लावून बघायला लागली. मी त्यांचा मास्तर असून माझं एवढं कुणी कधी मनावर घेतलं नव्हतं.

त्यांना सगळे तात्या म्हणायचे. आज माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाएवढं झालंय. डोक्यावरचे केस गेले, दोन पोरांची शिक्षणं झाली, तरी तात्यांचं नाव निघालं की माझ्या पोटात आधी जळतं आणि मग बाकीचं काय व्हायचं ते होतं. तेव्हा हे काही श्रद्धेनं लिहिलेलं समजू नये.

तात्या माळेगावचे. बावीस वर्षं उसाचा ट्रॅक्टर चालवत होते, मागं दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टर मालकाचा, चालवणारे हे. अंगानं किडकिडीत, पण हाताची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी. हंगाम संपला की दसऱ्यापर्यंत त्यांना काम नसायचं. त्या वर्षी कारखान्याच्या वजनकाट्यावर कॉम्प्युटर बसला होता आणि आपली ट्रॉली आता कोण मोजतंय ते बघायला म्हणून ते आमच्या क्लासची पायरी चढले.

"काट्यावरच्या माणसाशी भांडता येतंय," ते आमच्या सरांना म्हणाले. "ह्या डब्याशी कसं भांडायचं? ह्यो म्हणं चुकतच न्हाय. मला त्येची वळख करून घ्यायचीय."

सर म्हणजे क्लासचे मालक. त्यांनी तात्यांना सहा महिन्यांच्या कोर्सला घेतलं आणि माझ्याकडे ढकललं. क्लास बारामतीत भिगवण रस्त्याला, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. आठ मशीन, एक एसी, आणि दारात चपला काढून ठेवायची सक्ती. तात्या चपला काढायचेच, शिवाय पिशवीतून स्वेटर काढून घालायचे. मे महिन्यात. "हितं बारमाही दिवाळी हाय," म्हणायचे. मग एकेकाला जय भीम घालत आपल्या खुर्चीपर्यंत जायचे. मी लोणी भापकरचा, आमच्याही घरात जय भीमच, त्यामुळे मला त्यांच्यावर उघड चिडायचीही सोय नव्हती. घरचा माणूस पडला.

आता खेळाचं सांगतो. सरांनी पुण्याहून मोटारींच्या शर्यतीची एक सीडी आणली होती. पोरांच्या आईबापांसमोर तिला खेळ म्हणता येत नव्हतं, म्हणून सर तिला सिम्युलेटर म्हणायचे. आणि खरं सांगायचं तर ती नुसता खेळ नव्हतीच. गाडी खऱ्या गाडीसारखी वागायची. वळणात जोरात घातली की गिरकी घ्यायची, गवतात गेली की रुतून बसायची. चालवायची की-बोर्डच्या बाणांवर, वरचा बाण वेगाचा. एकच रस्ता, गोल फिरून येणारा, बारा वळणांचा. एका फेरीला किती वेळ लागला ते शेवटी पडद्यावर यायचं, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत. धडा संपला की ज्याला हवं त्याला अर्धा तास गाडी मिळायची, आणि ज्याची फेरी सगळ्यांत कमी वेळात, त्याचं नाव भिंतीवरच्या कागदावर सगळ्यांत वर.

त्या कागदावर वर्षभर माझं नाव होतं. एक मिनिट एकतीस सेकंद आणि वर चार.

हे तुम्हाला हसण्यासारखं वाटेल. पण शाळेत मी कायम दुसरा, कबड्डीत राखीव, इंजिनियरिंगला दोन मार्कांनी बाहेर. माझं नाव सगळ्यांत वर असलेला तो जगातला एकमेव कागद होता. सकाळी क्लास उघडला की झाडू मारायच्या आधी मी तो बघायचो.

तात्यांनी पहिल्या दिवशी गाडीकडे बोट दाखवून विचारलं, "मास्तर, ही कुणाची?"

"कुणाची नाही. चालवून बघायची."

"समोरून गाडी येती का?"

"नाही."

"बैलगाडी? शेरडं?"

"तात्या, ही शर्यत आहे. समोरून काही येत नाही."

"कधीच न्हाय?"

"कधीच नाही."

तात्यांनी पडद्याकडे बराच वेळ बघितलं. "मंग समदा रस्ता आपला की," असं म्हणून ते स्वतःशीच हसले.

मला तेव्हा काही कळलं नाही. पंधरा दिवसांनी कळलं आणि झोप उडाली. आम्ही सगळे, मी धरून क्लासमधला प्रत्येक जण, वर्षभर गाडी डाव्या बाजूनं चालवत होतो! कुणी सांगितलं नव्हतं. लुना चालवताना, सायकल चालवताना जी सवय लागलेली, तीच. वळण आलं की आणखी डावीकडे दबायचो, न जाणो समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तर. अख्खा उजवा रस्ता आम्ही कुणासाठी तरी सोडून ठेवला होता, आणि ज्याच्यासाठी सोडला होता तोच माणूस येऊन आमच्या शेजारी बसला. त्यानं विचारलं, मी उत्तर दिलं, आणि माझं उत्तर त्याला समजलं, मला समजलं नाही. याच्याइतकं मला अजून काही लागलेलं नाही.

पण ते पंधरा दिवसांनी. आधीचे पंधरा दिवस तात्यांनी गाडी बैलगाडीच्या चालीनं हाकली. एक फेरी चार-चार मिनिटांची. मध्येच थांबायचे. रस्त्याकडेच्या पाटीपाशी गाडी उभी करून पाटी बघायचे, झाड बघायचे, चढ कुठं लागतो ते बघायचे. पोरं पोट धरून हसायची. मीही हसायचो, मास्तर म्हणून हसू नये तितकं. तात्या म्हणायचे, "नवा रस्ता हाय. आधी वळख तर हुंद्या." प्रत्येक चांगल्या वळणानंतर मान डोलावून म्हणायचे, "हां, माझी बाय." गाडीला.

सोळाव्या दिवशी त्यांनी एकोणतीस सेकंदांची फेरी मारली. मिनिट आणि एकोणतीस. वळणाच्या आधी गाडी पार उजव्या कडेला नेली, वळणात डाव्या कडेला अशी चाटून काढली की चाक गवताला लागलं, आणि परत उजवीकडे जाऊ दिली. कुठं खडखड नाही, गिरकी नाही. बघताना वाटलं की गाडी हळूच चाललीये. आकडा आला. मग पोरांनी जो गलका केला तो खालच्या झेरॉक्सवाल्यानं वर येऊन बघितला.

भिंतीवर नावं लिहायचं काम माझं होतं. मी तात्यांचं नाव वर लिहिलं. अक्षर जरा बारीक काढलं. सरांनी दुसऱ्या दिवशी चष्मा लावून विचारलं, "अरे, हे पहिलं कोण आहे? वाचता येत नाही." मग परत लिहावं लागलं.

सेकंदाच्या दहाव्या भागाला तात्या चिमूट म्हणायचे. "आज दोन चिमूट खाल्लं." "तिसऱ्या वळणात एक चिमूट सांडतंय बगा." पोरांनी तो शब्द उचलला, सरांनी उचलला, शेवटी माझ्याही तोंडात बसला. मी दशांश शिकवायचो तो असा गेला.

आणि मी काय केलं म्हणता? मी त्यांची नक्कल केली. सकाळी क्लास सातला उघडायचा, मी सहाला जायचो आणि एकटा बसून उजवीकडून आत, डावीकडे चाटून, उजवीकडे बाहेर. पहिल्यांदा जमेना, हात आपोआप डावीकडे जायचे. पण मी तरुण होतो आणि जळत होतो, त्यामुळे जमलं. जुलैपर्यंत मी त्यांच्या पुढं गेलो, ऑगस्टात ते माझ्या पुढं, मग परत मी. ते पुढं गेले की मी जेवायचो नाही. मी पुढं गेलो की ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "वा मास्तर! दाव की मला त्ये चौथं वळण." मनापासून म्हणायचे. त्याचाच जास्त राग यायचा. जळायचं तर समोरच्यानंही थोडं जळावं, एवढी तरी माणुसकी असावी.

एका रविवारी त्यांनी मला माळेगावला बोलावलं. घराच्या मागं त्यांचा एक तुकडा होता, ऊस निघून मोकळा पडलेला. जाऊन बघतो तर त्या रानात कबड्डीचं मैदान आखतात तशी पांढरी फक्की मारलेली, आणि ती मारून केलेला आमचा रस्ता! बाराही वळणं. जिथं वेग कमी करायचा तिथं दगड, जिथं परत वाढवायचा तिथं खुंटीला चिंधी. शेजारचे लोक बांधावर उभे राहून बघत होते. एक म्हातारा मला म्हणाला, "नवं घर बांधतोय व्हय ह्यो? भिंती लई वाकड्या घेतल्यात."

तात्या अनवाणी त्या फक्कीवरून चालत होते. हात छातीसमोर, स्टिअरिंग धरल्यासारखे, तोंडानं बारीक आवाज. दगडापाशी चाल मंद, चिंधीपाशी भरभर. आणि प्रत्येक मोठं वळण संपलं की मान उजव्या खांद्यावरून मागं वळायची, क्षणभर, आणि परत पुढं. मला हसू आलं. म्हटलं म्हातारा रानात भूत बघतोय.

"पायाला ठावं झालं की हाताला सांगाय लागत न्हाय," ते म्हणाले. "चला, मागनं या."

मी त्यांच्या मागं चाललो. हजारदा चालवलेला रस्ता, पण कुणी कागदावर काढ म्हटलं असतं तर मला पाच वळणांपुढं काढता आला नसता. त्यांनी तो फुटाच्या हिशेबानं जमिनीवर उतरवला होता. त्यांच्या घरी मला चहा दिला, शेंगा दिल्या, येताना पिशवीत वांगी घातली. ती वांगी मी खोलीवर आल्यावर शेजाऱ्यांना देऊन टाकली.

त्याच महिन्यात आमचे बाबा लोणीहून आले. खोलीत टेकायच्या आधीच म्हणाले, "का रं, माळेगावच्या ड्रायव्हरनं तुझा नंबर मोडला म्हणं? लग्नात भेटला हुता. लई कवतिक करत हुता तुझं. माणूस देव हाय बग."

"मी परत मोडलाय त्यांचा."

"असंल, असंल," बाबा म्हणाले. "पर त्येच्या वयाला त्येनं एवढं केलं म्हंजे..." आणि पुढं अर्धा तास तात्यांचंच. माझ्या बापानं माझ्याबद्दल कधी अर्धा तास सलग बोललेलं मला आठवत नाही.

त्या वर्षी क्लासला फोनवरचं इंटरनेट आलं होतं. लागायला वीस मिनिटं, तुटायला एक. सरांचा एक मित्र पुण्यात असाच क्लास चालवायचा. तो गावोगावच्या क्लासमधून ई-मेलवर फेऱ्या मागवायचा. नुसता आकडा नाही, अख्ख्या फेरीची फाईल, म्हणजे कुणाला थापा मारता येऊ नयेत. मग सगळ्यांची यादी करून परत पाठवायचा. एका क्लासचं एकच नाव. सरांनी जाहीर केलं की दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत कागदावर ज्याचं नाव वर, त्याची फेरी पुण्याला जाणार.

दसऱ्याला कारखान्याचा बॉयलर पेटणार आणि तात्या ट्रॅक्टरवर जाणार, हे मला ठाऊक होतं. इतर लोक हंगामाची वाट पगारासाठी बघतात, बोनससाठी बघतात. मी बॉयलरची वाट बघत होतो ते हा माणूस एकदाचा जावा म्हणून.

सप्टेंबर संपता संपता माझी फेरी झाली एक मिनिट चोवीस सेकंद सहा. तात्यांची चोवीस नऊ. तीन चिमूट. तिथं ते येऊन अडकले. आठवडा गेला, दुसरा गेला, नऊच्या खाली येईनात. वळणं माझ्यापेक्षा सुंदर काढायचे, आत शिरताना माझ्यापेक्षा वेगात असायचे आणि तरी शेवटी आकडा नऊच. त्यांना कळेना, पोरांना कळेना.

मला कळलं. मी त्यांच्या मागं खुर्ची टाकून बसायचो, शिकवायला म्हणून. खरं म्हणजे चूक शोधायला. तिसऱ्या दिवशी माझं लक्ष पडद्यावरून उडून त्यांच्या मानेकडे गेलं. मोठं वळण संपलं की ती मान उजव्या खांद्यावरून मागं वळत होती. रानात वळत होती तशीच! बावीस वर्षं वळणातून निघाल्यावर मागची ट्रॉली नीट आली का, कठड्याला घासली का, सायकलवाला दबला का, हे बघायची सवय. क्लासमध्ये त्यांच्या मागं भिंत होती आणि भिंतीला टेकून मी. मान वळली की वरच्या बाणावरचं बोट अर्धं सुटायचं. एका वळणाला एक चिमूट. अशी मोठी वळणं सहा. मी तिथल्या तिथं हिशेब केला. हा माणूस मागं बघायचा थांबला तर चोवीस तीन. मी परत कधीही त्याच्या पुढं जाणार नाही.

मी मास्तर होतो. विद्यार्थ्याची चूक दिसली की सांगायची, एवढंच माझं काम. दुसरं कामच नव्हतं.

शनिवारी दुपारी तात्यांनी दोन तास गाडी चालवली. नऊ, नऊ, पंचवीस शून्य, नऊ. पावणेपाचला त्यांनी की-बोर्डवरून हात उचलले, मांडीवर पुसले आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मास्तर, आता सांगा. तुमी शिकवणारं. माझं कुठं कमी पडतंय?"

पोरं आजूबाजूला उभी होती. सर आपल्या टेबलावर फोन जोडायच्या खटपटीत. भिंतीवरचा कागद मला तिथून दिसत होता, वर माझं नाव.

"कुठं नाही तात्या," मी म्हणालो. "चालवणं तुमचं चोख आहे. वय. वयामानानं हात हळू पडतात, त्याला इलाज नसतो. मशीनला ते कळतं."

तात्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. उलटे करून बघितले, सुलटे करून बघितले. "व्हय," म्हणाले. "ह्यो डबा काय खोटं बोलणार न्हाय." मग उठले, स्वेटर काढून घडी करून पिशवीत ठेवला, डब्यावर दोनदा थाप मारली आणि सगळ्यांना जय भीम घालून गेले. पाच वाजून दहा मिनिटांनी माझी फेरी पुण्याला गेली.

यादी दसऱ्यानंतर आली. बारामतीचं नाव तिसरं, पुढं माझं नाव. सरांनी पेढे आणले. पहिल्या नंबरची फेरी होती चोवीस चार. मी तो आकडा वाचला आणि पेढा तोंडात तसाच राहिला, कारण मला चोवीस तीन पाठ होता. पण एवढ्यानं मी बदललो वगैरे समजू नका. यादीची एक प्रत घेऊन मी ती खोलीवर लावली.

डिसेंबरात बाबा परत आले. चहा पिता पिता म्हणाले, "तात्यानं ट्रॅक्टर सोडला की रं."

"का?"

"हात हळू झाल्यात म्हणं त्येचं. कॉम्प्युटरवर तपासून घेतलं. कोण मास्तर हाय, त्येनं सांगितलं." मग बशी खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कोण मास्तर रं?"

मी दुसऱ्या दिवशी एम-एटी काढून माळेगावला गेलो. कारखान्याकडे जाणारा रस्ता ट्रॅक्टरनं आणि बैलगाड्यांनी भरलेला. गेटाच्या अलीकडं, बाभळीखाली, हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन तात्या उभे होते. येणाऱ्या प्रत्येक गाडीला रांगेचा नंबर द्यायचं काम. अंगात तोच स्वेटर.

"या, या मास्तर! जय भीम!" त्यांनी शेजारच्या ड्रायव्हरांना हाक मारली. "आरं, हिकडं या. ह्ये आमचं मास्तर. ह्यांनी येळेत सांगितलं म्हणून वाचलो बाबा. न्हायतर ह्या हातानं दोन ट्रॉल्या घिऊन कुणाच्या तरी पोराबाळावर गेलो असतो. आपल्याला काय कळतंय, आपुन आपलं वाटतंय म्हणून चालवत ऱ्हातो."

दोघा-तिघांनी मला नमस्कार केला. मी तेव्हाच गाडीला किक मारून निघून जाऊ शकत होतो. तात्या खूश होते, मी मोठा झालो होतो, कुणाची तक्रार नव्हती. तेवढ्यात एक ट्रॅक्टर आला. तात्यांनी चिठ्ठी दिली. पहिली ट्रॉली गेली, दुसरी गेली, आणि त्यांची मान उजव्या खांद्यावरून वळली, ती शेवटची मोळी गेटातून आत जाईपर्यंत.

"तात्या," मी म्हणालो, "तुमचे हात हळू नव्हते."

"आँ?"

"मी खोटं बोललो. हात चांगले होते. तुम्ही वळण झालं की असं मागं बघायचा. आता बघितलं तसं. तेवढ्यात बोट सुटायचं. वेळ तिथं जात होता, दुसरीकडं कुठं नाही. मला दिसत होतं."

तात्यांनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा दुसऱ्या हातात घेतला. "मागं बगत हुतो? तितं? मागं काय हुतं तितं?"

"काही नव्हतं. भिंत होती."

ते हसायला लागले. खरोखर हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "येड्यावानी भिताडाकडं बगत हुतो म्हणा की!" मग हसू हळूहळू ओसरलं. "आन तुमी बगत हुता."

"हो."

"सांगायचं हुतं वो मास्तर. म्या मान बांधून घेतली असती."

मी म्हणालो की आत्ताच्या आत्ता मालकाकडं जातो, सगळं सांगतो, ट्रॅक्टर परत मागू. तात्यांनी मान हलवली. "न्हाय. त्येनं दुसरा गडी ठेवला. त्येच्या पोटावर कुठं पाय देता? आन मालकाला काय सांगणार, का मास्तर खोटं बोलत्यात? ऱ्हाऊ द्या."

एक बैलगाडी आली. त्यांनी चिठ्ठी दिली, बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"यादी आली का ती, पुण्याची?"

"आली."

"कितवं हाय आपुन?"

आपुन म्हणाले. मी म्हणालो, "तिसरा."

"बरं हाय की." पुढचा ट्रॅक्टर अजून लांब होता. "आन म्या मागं बगितलं नसतं तर? मंग कितवं?"

मला खोटं बोलता आलं असतं. सवय होती.

"पहिले," मी म्हणालो.

तात्यांनी गठ्ठ्यातली वरची चिठ्ठी काढली. ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, त्यांनी चिठ्ठी वर केली, ड्रायव्हरनं वाकून घेतली. पहिली ट्रॉली, दुसरी ट्रॉली. मान वळवून त्यांनी ती आत जाईपर्यंत बघितली आणि पुढच्या गाडीकडे चालत गेले. मी एम-एटी काढली. फाट्यापर्यंत आरशात बघत होतो. माझ्याकडे काही त्यांनी वळून बघितलं नाही.